शाश्का ओळखताना

समजा, तुमच्यासमोर टेबलावर जुन्या कापडात गुंडाळलेली एक तलवार ठेवली आहे. पाते लांब, किंचित वाकलेले. मूठ लाकडी, पितळेच्या टोपीची. म्यानाचे कातडे जागोजागी तडकलेले. विकणारा सांगतो, "रशियन आहे, कोसॅक घोडेस्वाराची, सव्वाशे वर्षांपूर्वीची." पात्याच्या मुळाशी दोन डोक्यांचा गरुड कोरलेला दिसतो. आपल्याकडच्या किल्ल्यांच्या दरवाज्यांवरचा गंडभेरुंड आठवावा असा तो गरुड असतो आणि नजर आपोआप त्याच्याकडेच जाते.

माझी विनंती आहे, की तो गरुड सगळ्यात शेवटी पाहावा. ठसा उमटवणे हे तलवारीतले सर्वांत सोपे काम आहे आणि म्हणूनच खोट्याची सुरुवातही बहुधा तिथूनच होते. पात्याचा बांधा, मुठीची घडण, म्यानाच्या कड्या आणि धातूचे वय या गोष्टी नकली करायला कष्ट, पैसा आणि ज्ञान तिन्ही लागतात. तेव्हा पाहण्याचा क्रम बांधा, मूठ, म्यान, धातू आणि मग अक्षरे असा ठेवावा. खऱ्या तलवारीत या पाचही जागा एकच हकीकत सांगतात. एक जरी जागा वेगळे बोलू लागली, तर तिथे थांबून विचार करायचा.

रशियन लष्करी तलवारींत संग्राहकाच्या हाती सर्वाधिक येते ती शाश्का. हा शब्द मूळचा रशियन नाही. तो कॉकेशस पर्वतातल्या चेर्केस लोकांच्या भाषेतून आला आणि त्याचा अर्थ होतो 'मोठी सुरी'. अर्थ अगदी चपखल आहे, कारण अस्सल कॉकेशियन शाश्का म्हणजे खरोखरच एक लांबवलेली सुरी असते. तिला परज नसते, म्हणजे बोटांवरून वळणारी संरक्षक पट्टी नसते. आडवी दांडीही नसते. पात्याला बाक असतो, पण आपल्या तलवारीइतका नाही. मुठीचे डोके दोन कानांसारखे दुभंगलेले असते, आणि म्यान असे घडवलेले असते की पात्याबरोबर मूठही जवळजवळ त्या कानांपर्यंत आत बुडते.

शाश्का आणि सेबर यांतला खरा भेद कमरेला टांगण्याच्या पद्धतीत आहे. सेबर ही युरोपी घोडदळाची वाकडी तलवार धार खाली ठेवून लटकते, तर शाश्का धार वर ठेवून. त्यामुळे ती उपसतानाच वार सुरू होतो, हात फिरवून तलवार सरळ करण्यात क्षण जात नाही. संग्राहकाला याचा फायदा असा, की पाते बाहेर न काढताही म्यानाच्या कड्या पाहून बरेच कळते. कड्या म्यानाच्या बाहेरच्या, फुगीर बाजूला, म्हणजे धारेच्या अंगाला असतील तर ते शाश्काचे म्यान. आतल्या बाजूला, पात्याच्या पाठीकडे असतील तर सेबरचे. शाश्काच्या पात्याला सेबरचे म्यान चढवलेली जोडी बाजारात दिसली, की ती जोडी मागाहून जुळवलेली आहे एवढे तरी पक्के समजावे.

डोंगरातली ही सुरी सम्राटाच्या फौजेत कशी पोचली, हे समजल्याशिवाय पुढची ओळख पटत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रशियन घोडदळाची मुख्य तलवार युरोपी वळणाची होती. १८२७ च्या नमुन्याचे सेबर पाहिले की फ्रेंच प्रभाव लगेच जाणवतो. पितळी परज, तिला बाहेरच्या अंगाने आणखी दोन वक्र पट्ट्या, आणि लोखंडी म्यान. छातीवर चिलखत घालणाऱ्या क्युरासियर स्वारांकडे १८२६ च्या नमुन्याचा पलाश असे. ती सरळ, जड तलवार. पण त्याच काळात रशियाचे सैन्य कॉकेशसमध्ये वर्षानुवर्षे लढत होते, आणि तिथल्या स्वारांच्या हातातले हलके, परज नसलेले पाते त्यांना रोज दिसत होते. शत्रूचे हत्यार आवडले. १८३४ मध्ये कॉकेशसमध्ये लढणाऱ्या निझ्नी नोव्गोरोद ड्रॅगून रेजिमेंटसाठी 'आशियाई नमुन्याची' शाश्का अधिकृत झाली. १८३८ मध्ये कोसॅकांसाठी एक नमुना निघाला, १८४१ मध्ये ड्रॅगूनांसाठी दुसरा, १८६८ मध्ये तोफखान्यासाठी तिसरा.

मग आले १८८१ साल. लेफ्टनंट जनरल अलेक्सांद्र गोर्लोव यांच्या पुढाकाराने रशियाने आपल्या धारदार शस्त्रांचा एकदम फेरविचार केला. वेगवेगळ्या घोडदळांच्या वेगवेगळ्या तलवारींऐवजी बांधा जवळजवळ एकच ठेवायचा आणि मूठ व म्यान तेवढे गरजेप्रमाणे बदलायचे, असे ठरले. पुढच्याच वर्षी, १८८२ मध्ये, गार्ड दल सोडून बाकीच्या सैन्यातल्या हुसार आणि उहलान या हलक्या घोडदळाच्या रेजिमेंटही ड्रॅगून करून टाकल्या गेल्या. (त्यांची जुनी नावे १९०७ मध्ये परत मिळाली.) ड्रॅगून म्हणजे घोड्यावरून जाऊन गरज पडली तर पायउतार होऊन रायफलने लढणारा शिपाई. हा तपशील लक्षात ठेवा, म्यानाकडे वळू तेव्हा तो कामाला येईल.

इथे नवशिक्याची एक नेहमीची चूक सांगायला हवी. '१८८१ ची शाश्का' म्हणजे १८८१ साली बनलेली शाश्का नव्हे. तो नमुन्याचा जन्म आहे. त्या नमुन्याच्या तलवारी पुढे साम्राज्य कोसळेपर्यंत बनत राहिल्या, एवढेच काय, क्रांतीनंतर सुरुवातीच्या वर्षांतही बनल्या. पात्यावर १९१५ असेल आणि विकणारा तिला '१८८१ ची' म्हणत असेल, तर तो खोटे बोलतोय असे नाही. तो नमुना सांगतोय आणि तुम्ही साल वाचताय. ही दोन वर्षे वहीत नेहमी वेगळी लिहावीत.

आता पट्टी घ्या आणि मोजा. १८८१ च्या नमुन्याच्या शिपायाच्या शाश्काचे पाते सुमारे ८७ सेंटीमीटर लांब आणि तीन-साडेतीन सेंटीमीटर रुंद असते. मुठीसकट लांबी एक मीटरच्या किंचित वर जाते. पात्याला एकच धार, दोन्ही अंगांना एकेक रुंद पन्हळ, आणि टोकाकडे मध्यभागावर येणारी अणी. मोजताना पाठीची जाडीही पाहा. मुठीजवळ पाठ जाड असते आणि टोकाकडे हळूहळू पातळ होत जाते. घडवलेल्या, हातात खेळणाऱ्या पात्याचे हे मोठे लक्षण आहे. स्वस्तातल्या प्रतिकृती सपाट पत्र्यातून कापून घासलेल्या असतात आणि त्यांची पाठ मुठीपासून टोकापर्यंत सारखीच जाड राहते. हातात घेतल्यावर अशी तलवार टोकाकडे ओढ घेते, पहारीसारखी. बोटांना हा फरक डोळ्यांच्या आधी कळतो.

पाते पाहून झाले की मूठ. ड्रॅगून शिपायाच्या शाश्काला पितळेची एकपट्टी परज असते आणि लाकडी मुठीवर तिरक्या खाचा. कोसॅक शिपायाच्या शाश्काला परज अजिबात नसते. तिच्या तिरक्या खाचांच्या लाकडी मुठीवर वर पितळी डोके आणि खाली पितळी कडे असते. डोक्यात एक भोक असते, त्यात हातदोरी ओवायची, म्हणजे घोडा उधळला तरी तलवार मनगटाला राहते. मुठीचा शेवट नीट पाहा. जुन्या कामात पात्याचा आतला दांडा मुठीतून आरपार जाऊन डोक्यावर ठोकून पसरवलेला असतो. त्या जागी पेच फिरवायची मळसूत्री दिसली, तर ही मूठ नंतर बसवली आहे किंवा अख्खी तलवारच नवी आहे.

म्यान हा माझा सर्वांत आवडता भाग आहे, आणि बाजारात त्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. आपल्याकडच्या शस्त्रागारात म्यानाच्या तोंडाच्या धातूला मोहनाळ आणि खालच्या टोकाच्या धातूला तहनाळ म्हणतात. ते शब्द इथेही छान चालतात. १८८१ च्या शिपाई शाश्काचे म्यान लाकडाचे, वर कातडे आणि मोहनाळ, तहनाळ व मधले कडे पितळेचे. पण ड्रॅगून शिपायाच्या म्यानाच्या बाहेरच्या अंगाला आणखी दोन पितळी घरे जोडलेली असतात. त्यात रायफलची संगीन खोचायची. ड्रॅगूनला उतरून लढायचे होते, म्हणून त्याला संगीन हवी होती, आणि ती ठेवायला तलवारीच्या म्यानासारखी सोयीची जागा दुसरी नव्हती. कोसॅक संगीन बाळगत नसे, म्हणून त्याच्या म्यानावर ती घरे नाहीत. पुढे सोव्हिएत काळात १९२७ चा नमुना निघाला. त्याची मूठ कोसॅक वळणाची, परजेविना, पण म्यानावर मोसिन रायफलच्या संगिनीची घरे असलेल्या जोड्या भरपूर सापडतात. त्यामुळे 'संगिनीची घरे आहेत, म्हणजे झारच्या काळातला ड्रॅगून' असा निष्कर्ष एका पुराव्यावर काढू नये.

१९२७ च्या शाश्काच्या पितळी डोक्यावर तारा आणि विळा-हातोडा असतो, त्यामुळे तिची ओळख सहसा सोपी. पण कधी कधी ती चिन्हे घासून टाकलेली असतात, कारण झारच्या काळातली तलवार म्हणून तिला जास्त भाव येतो. पितळी डोके एखाद्या बाजूला विनाकारण सपाट, पातळ आणि बाकीच्यापेक्षा चकचकीत वाटले, तर तिथे काही होते आणि कोणीतरी ते काढले आहे असे समजावे.

कुबान आणि तेरेक या कॉकेशसलगतच्या कोसॅक फौजांची गोष्ट निराळी. डॉन, ओरेनबुर्ग किंवा सैबेरियाच्या कोसॅकांना १८८१ चा नमुना चालला. या दोघांनी मात्र डोंगरी शाश्का सोडली नाही. १९०४ मध्ये त्यांच्या शिपायांसाठी स्वतंत्र नमुना निघाला. पाते आखूड, साधारण ७४ सेंटीमीटर. मूठ दोन फाळक्यांची, रिवेटांनी जोडलेली आणि म्यानात बुडणारी. या तलवारींवर फौजेच्या नावाची आद्याक्षरे असतात. कुबान कोसॅक फौजेसाठी 'का-का-वे' आणि तेरेकसाठी 'ते-का-वे'. कोसॅकाला घोडा, गणवेश आणि तलवार स्वतःच्या पैशाने आणावी लागे, रायफल तेवढी सरकार देई. आजोबा-पणजोबांचे पाते नव्या मुठीत बसवून चाकरीवर येण्याची या फौजांना मुभा होती. म्हणून १९०० नंतरच्या मुठीत अठराव्या शतकातले पाते सापडले, तर ती जोडी खोटी ठरवायची घाई करू नये. इतर कुठल्याही रशियन तलवारीत मी अशी विजोड जोडी संशयाने पाहीन. इथे ती रीतच होती.

शाश्कासारखी दिसते पण रशियन नाही, अशा तलवारीही बाजारात रशियन म्हणून येतात. बुखाऱ्याची शाश्का त्यांतली पहिली. तिचे मुठीचे डोके दुभंगलेले नसते आणि मुठीच्या दोन फाळक्या बहुधा पाच रिवेटांनी जोडलेल्या असतात. रिवेट मोजले की सुटले. दुसरी बल्गेरियाची. १८७८ नंतर उभ्या राहिलेल्या बल्गेरियन सैन्याने अधिकाऱ्यांसाठी रशियन वळण उचलले, त्यामुळे त्यांची तलवार रशियन ड्रॅगून अधिकाऱ्याच्या तलवारीशी फसवण्याइतकी जुळते. फरक राजाच्या आद्याक्षरात सापडतो. तिथे फर्डिनंडचे अक्षर असते.

इथवर आलो की अक्षरांकडे वळायला हरकत नाही. रशियन लिपी येत नसली तरी तीन-चार खुणा लक्षात ठेवल्या तर बरेच साधते.

पहिली खूण राजाची. अधिकाऱ्याच्या तलवारीवर, पात्यावर किंवा मुठीवर, सम्राटाचे नक्षीदार आद्याक्षर असते आणि त्याखाली रोमन आकडा. रशियन लिपीत 'न' हे अक्षर इंग्रजी एचसारखे दिसते. त्यामुळे एचसारखे अक्षर आणि एकचा आकडा म्हणजे निकोलाय पहिला, १८२५ ते १८५५. एचसारखे अक्षर आणि दोनचा आकडा म्हणजे निकोलाय दुसरा, १८९४ ते १९१७. इंग्रजी एसारखे अक्षर अलेक्सांद्रचे. पहिला १८०१ ते १८२५, दुसरा १८५५ ते १८८१, तिसरा १८८१ ते १८९४. यात एक गाठ आहे. १९०९ नंतरच्या अधिकारी शाश्कांवर मुठीला फुलापानांची उठावदार नक्षी आली आणि तिच्यात राजाचे अक्षर घातले गेले, पण ते तलवार बनली तेव्हाच्या राजाचे नव्हे, तर त्या अधिकाऱ्याला पहिला हुद्दा ज्याच्या राज्यात मिळाला त्या राजाचे. म्हणून १९१० च्या तलवारीवर तिसऱ्या अलेक्सांद्रचे अक्षर दिसले तर ती चूक नाही. उलट, मालकाच्या वयाचा अंदाज त्यातून येतो. हा माणूस १८९४ पूर्वी अधिकारी झाला होता. एका अक्षरातून असे आयुष्य उलगडते, आणि या छंदात मला बांधून ठेवणारी गोष्ट हीच आहे.

दुसरी खूण एका मुक्या अक्षराची. १९१८ पर्यंतच्या रशियन लिखाणात व्यंजनाने संपणाऱ्या शब्दाच्या शेवटी एक न उच्चारले जाणारे अक्षर लिहीत. त्याला 'कठोर चिन्ह' म्हणतात. दिसायला ते इंग्रजीतल्या छोट्या बीसारखे असते, फक्त डाव्या खांद्यावर एक आडवी शेंडी. क्रांतीनंतरच्या लेखनसुधारणेत शब्दाच्या शेवटचे ते अक्षर गेले. म्हणून पात्यावर 'झ्लाताउस्त' हे कारखान्याच्या गावाचे नाव पूर्ण लिहिलेले असेल आणि साल १८३० असेल, तर शेवटी हे अक्षर असलेच पाहिजे. ते नसेल तर ठसा नंतरच्या माणसाने, नंतरच्या शाळेत शिकलेल्या हाताने मारला आहे. मात्र नाव संक्षिप्त लिहिलेले असेल तर हा कस लागत नाही, कारण अर्ध्या तोडलेल्या शब्दाला ते अक्षर लागतच नाही.

तिसरी खूण जागेची. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या झ्लाताउस्तच्या पात्यांवर कारखान्याचे नाव, महिना आणि साल पाठीवर, म्हणजे धारेच्या विरुद्ध अंगाच्या अरुंद पट्टीवर, कोरलेले असते. ते वाचायला तलवार उजेडात आडवी धरावी लागते आणि बहुतेक लोक तिकडे पाहतच नाहीत. नंतरच्या शिपाई तलवारींत कारखान्याची आद्याक्षरे आणि साल पात्याच्या मुळाशी येते. परजेवर आणि म्यानाच्या कड्यावर रेजिमेंट, स्क्वॉड्रन आणि हत्याराचा क्रमांक ठोकलेला असतो. परजेवरचा क्रमांक आणि म्यानावरचा क्रमांक जुळला, तर ती जोडी जन्मापासूनची. 'एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत' असे आपण म्हणतो. पण शंभर वर्षांत एका म्यानात कितीतरी तलवारी येऊन जातात, आणि ते सांगणारा साक्षीदार एवढा एक क्रमांकच असतो.

झ्लाताउस्तबद्दल थोडे थांबून सांगितलेच पाहिजे. उरल पर्वतातल्या या गावाच्या नावाचा अर्थ 'सोन्याच्या वाणीचा', आणि तो संत जॉन क्रिसोस्टोम यांच्यावरून आला. १८१५ मध्ये तिथे शस्त्रांचा कारखाना निघाला. त्याआधी रशियन पात्यांचे मोठे नाव म्हणजे १७१२ मध्ये स्थापन झालेला तुलाचा कारखाना. झ्लाताउस्तला सुरुवातीला जर्मनीतल्या झोलिंगेन गावातून कारागीर आणले होते. शाफ घराणे त्यांतलेच, आणि सोनेरी-निळ्या नक्षीची कला त्यांच्याकडून स्थानिक मुलांनी उचलली. इवान बुशुएव हा त्यातला सर्वांत गुणी. निळसर तापवलेल्या पोलादावर सोन्याने लढाईची दृश्ये रेखाटणाऱ्या या कारागिराच्या पंख असलेल्या घोड्यांवरून पावेल बझोव या लेखकाने पुढे एक प्रसिद्ध गोष्टही लिहिली. अशी पाती आता संग्रहालयातच पाहायला मिळतात. बाजारात कोणी 'बुशुएवचे पाते' म्हणून दाखवले तर ते संग्रहालयाच्या तज्ज्ञाने पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

याच कारखान्यात पावेल अनोसोव यांनी 'बुलात' बनवायचे रहस्य शोधले. बुलात म्हणजे पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी आपोआप उमटणारे पोलाद. रशियन 'बुलात' आणि मराठी 'पोलाद' हे दोन्ही शब्द एकाच फारसी शब्दाची लेकरे आहेत. आणि अनोसोव ज्या पोलादाच्या मागे होते, ते मुळात दक्षिण भारतातल्या मुशींत वितळवलेले, इराण आणि दमास्कसच्या बाजारात गेलेले आणि तिथून जगभर गाजलेले पोलाद. अनोसोव यांनी १८३१ मध्ये पोलादाची रचना पाहण्यासाठी सूक्ष्मदर्शक वापरले आणि १८४१ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. आपल्या लोहारांनी पिढ्यान्‌पिढ्या हाताच्या अंदाजाने साधलेली गोष्ट एका रशियन खाण अभियंत्याने मोजून-मापून मांडली. मला हे वाचताना दोघांबद्दल सारखाच आदर वाटतो.

व्यवहारात याचा उपयोग असा, की शिपायाची शाश्का कधीच बुलातची नसते. ती साध्या, चांगल्या पोलादाची असते. विकणारा शिपायाच्या तलवारीवर लहरी दाखवत असेल, तर त्या ॲसिडने रंगवलेल्या असण्याची शक्यता मोठी. खऱ्या बुलातची नक्षी पन्हळीत, पाठीवर आणि धारेपर्यंत सगळीकडे पोचलेली असते, कारण ती पोलादाच्या पोटातून येते. रंगवलेली नक्षी जिथे कुंचला पोचला तिथेच असते.

कॉकेशियन पात्यांवरच्या खुणांची कथा तर थेट आपल्या घरापर्यंत येते. डोंगरी शाश्कांवर दोन खुणा वारंवार दिसतात. एक धावता लांडगा, जर्मनीतल्या पासाउ आणि झोलिंगेनच्या पात्यांचा शिक्का. दुसरी समोरासमोर ठेवलेल्या दोन दातेरी विळ्यांची, जेनोव्हाच्या नावाशी जोडलेली खूण, जिला तिथे 'गुर्दा' म्हणतात. ही युरोपी पाती कॉकेशसमध्ये इतकी नावाजली, की तिथल्या लोहारांनी स्वतःच्या पात्यांवर तोच लांडगा आणि तेच विळे काढायला सुरुवात केली. त्यामुळे लांडगा दिसला म्हणून पाते जर्मन ठरत नाही. आता आपल्या धोप तलवारी आठवा, ज्यांना फिरंगी म्हणतात. त्यांतही युरोपातून आलेली पाती होती आणि त्यांच्या नावलौकिकाची नक्कल करणारी देशी पातीही होती. त्या पात्यांवर हेच दातेरी विळे सापडतात. पुण्याच्या किंवा साताऱ्याच्या एखाद्या संग्रहात फिरंगी पाहताना काचेजवळ वाकून पात्याच्या मुळाशी ते विळे शोधा. तीच खूण दागेस्तानच्या डोंगरात गुर्दा म्हणून आणि सह्याद्रीत फिरंग्याची म्हणून मिरवली. दोन्हीकडे तिचा अर्थ एकच होता, 'हे पाते दगा देणार नाही'.

मुठीवर चांदीत भरलेले काळसर नक्षीकाम असेल तर दागेस्तानातल्या कुबाची गावाची आठवण ठेवावी. पाती बनवणारे अमुझ्गी गाव त्याच्या शेजारीच. हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे आणि एम्मा अस्तवत्सातुर्यान यांचे काम त्यात अजून आधारभूत मानले जाते. नुसत्या रशियन लष्करी नमुन्यांसाठी अलेक्सांद्र कुलिन्स्की यांचे ग्रंथ पाहावेत. रशियन वाचता येत नसेल तर युजीन मोलो यांचे १९६९ चे इंग्रजी पुस्तक मिळवावे. मापे आणि चित्रे समोर ठेवूनच तलवार हातात घ्यावी.

सन्मानाच्या तलवारींबाबत सर्वाधिक सावध राहावे लागते. शौर्यासाठी दिलेल्या तलवारीवर 'ज़ा ख्राब्रस्त' हे शब्द असतात, म्हणजे 'शौर्याबद्दल'. संत ॲनाच्या चौथ्या वर्गाचा मान मिळालेल्या अधिकाऱ्याच्या तलवारीच्या मुठीवर छोटे लाल पदक बसवलेले असे आणि हातदोरी लाल फितीची. रशियन अधिकारी त्या पदकाला प्रेमाने 'क्ल्युक्वा' म्हणत. ते त्यांच्याकडच्या आंबट, लाल फळाचे नाव. त्याहून वरचा मान म्हणजे शौर्याची सुवर्ण तलवार, जिला १९१३ मध्ये संत जॉर्जचे शस्त्र असे अधिकृत नाव मिळाले. 'ख्राब्रस्त' शब्दाच्या शेवटी मृदू चिन्ह येते, कठोर चिन्ह नाही, आणि ते १९१८ आधी व नंतर सारखेच राहिले. जुनेपणाचा भास आणायला तिथे शेंडीवाले अक्षर कोरलेले दिसले, तर तेवढ्या एका शेंडीवरून तलवार परत करावी. साध्या तलवारीवर नंतर पदक बसवले गेले असेल, तर पदकाखालचा धातू आणि आजूबाजूचा धातू यांच्या रंगात फरक दिसतो. भिंग घेऊन पदकाची कड पाहावी.

प्रतिकृतींबद्दल एक गोष्ट आपण लक्षात ठेवायला हवी. चित्रपट, नाटके आणि हौशी लोकांसाठी भारतातही प्रतिकृती तलवारी मोठ्या प्रमाणावर बनतात आणि परदेशी जातात, त्यांत शाश्काही असते. प्रतिकृती म्हणून विकली तर त्यात वाईट काही नाही. ती दोन-तीन हात फिरून, मातीत पुरून, ॲसिड लावून 'जुनी' होते तेव्हा फसवणूक सुरू होते. जुना गंज एकसारखा नसतो. जिथे हात लागला तिथे धातू गुळगुळीत, जिथे पाणी साचले तिथे खोल खड्डे. पितळेवर कातडे टेकते तिथे मेणासारखी हिरवी बुरशी धरते, कारण कातड्यातली चरबी तांब्याशी मिळते. ही हिरवळ योग्य जागी असेल तर ती जुन्या म्यानाची चांगली साक्ष आहे. ॲसिडने आणलेला गंज मात्र सगळीकडे सारख्या बारीक ठिपक्यांचा, ठशाच्या खोबणीतही तेवढाच.

विकत घेण्याआधी कायदाही पाहावा. तलवार आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ च्या कक्षेत येते, आणि परदेशातून मागवायची तर आयातीच्या परवान्याचा प्रश्न पैसे पाठवण्याआधी सोडवावा, पार्सल जकातीत अडकल्यावर नव्हे. रशियातून सांस्कृतिक मोलाची जुनी शस्त्रे बाहेर काढायला तिथल्या सांस्कृतिक मंत्रालयाची परवानगी लागते, ती विक्रेत्याकडून लेखी मागावी. १९७२ च्या आपल्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते आणि तिची निर्यात खासगी व्यक्तीला करता येत नाही. म्हणजे एकदा इथे आलेली जुनी तलवार पुढे परदेशात विकता येईल या हिशोबाने घेऊ नये.

आणि तलवार घरी आलीच, तर पहिले काही दिवस तिला काहीही करू नका. दोन्ही बाजूंचे, पाठीचे, मुठीच्या डोक्याचे, म्यानाच्या कड्यांचे फोटो तिरप्या उजेडात काढा, म्हणजे पुसट ठसे उमटून दिसतात. मापे लिहा. मग पाते मऊ सुती कापडाने पुसा आणि त्यावर हलक्या तेलाचा पातळ हात फिरवा. मुंबई, कोकण किंवा गोव्यात राहत असाल तर पाते कातडी म्यानात कायमचे ठेवू नका. पावसाळ्यात कातडे ओलावा धरते आणि पात्याला आतून गंज चढतो. म्यान शेजारी, वेगळे ठेवा. सँडपेपर, लिंबू, चिंच, बाजारात मिळणारे चकाकीचे मलम यांतले काहीही पात्याला किंवा पितळेला लावू नका. पाठीवरचे ते महिना आणि साल केसाइतक्या खोलीचे असते आणि एका दुपारच्या घासण्यात ते कायमचे जाते. तेवढे मात्र कृपा करून जपा.